शेजाऱ्यांची सरासरी आम्हाला नको

मोजणीच्या कामात आकडे वर जातात आणि किस्से खाली राहतात. आकडा टॅबमधून सुटला की थेट दिल्ली! पुढं त्याचं काय होतं, आम्हाला कोणी विचारत नाही अन् सांगतही नाही. किस्से मात्र कुठं पाठवायची सोय नाही, त्यामुळं ते जीपमध्येच साचत जातात. माझ्याकडं आता इतके साचलेत की चार माणसं चहाला बसली की मला गप्प बसवत नाही.

तर कामाचं आधी सांगते. देशातल्या जिल्ह्या-जिल्ह्यांत शाश्वत विकासाचा फरक किती, ते मोजायचं. पाणी कुठून येतं, चूल कशावर पेटते, पोरी शाळेत जातात का, पोटभर जेवण मिळतं का, असं घरोघर जाऊन विचारायचं आणि मग सगळ्या जिल्ह्यांची तुलना. परभणी जिल्ह्यासाठी आम्ही चौघं. मी सुपरवायझर, म्हणजे सगळ्यांची ताई. प्रश्न विचारायला दोघं, सेलूची शिल्पा आणि चुडाव्याचा गंगाधर. आणि जीप चालवायला अन्वरभाई.

पहिल्याच दिवशी अन्वरभाईंनी मला विचारलं, "ताई, म्हंजे कोन किती मागं हाय ते बघायचं ना?"

मी म्हटलं, "नाही हो अन्वरभाई, कोण किती पुढं आहे ते."

"हौ का? मग परभनीपासून सुरू करा की!"

तेव्हापासून हा माणूस आमच्या टीमचा प्रवक्ता झाला. गावात जीप शिरली की आमच्या आधी तो उतरायचा.

काम संपत आलं, आणि दिल्लीहून मेल आला. विषयाच्या ओळीतच लिहिलं होतं, 'परभणी : शंकास्पद'. खाली चार मुद्दे. एक, तुमची एक मुलाखत जवळजवळ चार तास चाललीच कशी? दोन, चार खोल्यांच्या घरात झोपायच्या खोल्या शून्य कशा? तीन, एका घराची मुलाखत दुसऱ्याच तालुक्यात कशी झाली? आणि चार, चुडाव्याजवळच्या एका मजूर-मेंढपाळांच्या वस्तीत वर्षभरात एकही माणूस उपाशी राहिला नाही, हे कसं शक्य आहे? समाधानकारक खुलासा झाला नाही, तर परभणीचा सगळा डेटा रद्द करू आणि त्या जागी शेजारच्या जिल्ह्यांची सरासरी लावू.

मी मेल मोठ्यानं वाचला. शिल्पाचे डोळे भरून आले. सहा महिने उन्हातान्हात फिरलो, आणि देशाच्या नकाशात परभणीच्या जागी शेजाऱ्यांची सरासरी!

गंगाधर म्हणाला, "ताई, म्हंजे आपल्या घरचं वरण कसं झालंय, ते शेजारच्याच्या वरणात बोट घालून ठरवनार का हे लोक?"

मला हसू आलं आणि राग पण आला. खरं सांगते, राग जास्त आला. मी त्याच दिवशी फोनवर बसले.

*

चार तासांच्या मुलाखतीला मी स्वतः हजर होते, त्यामुळं त्याचा खुलासा सोपा होता.

चारठाण्यात एक किराणा दुकानदार, सगळं गाव त्यांना अप्पा म्हणतं. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, आवाज एकदम खणखणीत. तीन प्रश्न झाले आणि अप्पा उठले. "बसा जरा. पूजा ऱ्हायलीया. पूजा झाल्याबिगर मी मोठी बात बोलत नसतो."

पूजा घाईची नव्हती. ती झाली, मग फराळ झाला, मग दुकान उघडलं. दोन प्रश्न की एक गिऱ्हाईक, दोन प्रश्न की एक गिऱ्हाईक. मध्येच पाण्याचा प्रश्न आला. 'गावातली पाण्याची सोय कोणत्या वर्षी झाली?' अप्पांनी जुन्या देवळांकडं हात केला. तिकडं दगडी पायऱ्यांची बारव आहे. म्हणाले, "तवा झाली."

शिल्पा टॅबवर वर्ष मागं मागं सरकवत होती. टॅब दमला, बारव काही सापडेना!

शेवटी मी म्हटलं, "अप्पा, सगळं खरं-खरं सांगितलंत ना? दिल्लीला जाणार आहे हे."

अप्पा म्हणाले, "ताई, पूजेआधी मी खोटं बोलत न्हाई. पूजेनंतर तर बोलतच न्हाई. मदी गिऱ्हाईक आलतं, तेवढं सोडून द्या!"

हे सगळं मी दिल्लीच्या साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "इतर जिल्ह्यांना आम्ही विचारतोय की तुमची मुलाखत अकरा मिनिटांत कशी संपते. तुम्ही पहिलेच आहात, ज्यांना उलटं विचारावं लागलं."

मी म्हटलं, "सर, ती तक्रार आहे की कौतुक?"

साहेबांनी पलीकडं कागद उलटला. मग म्हणाले, "पुढचा मुद्दा."

*

पुढचा मुद्दा शिल्पाचा होता. सेलूजवळचं गाव, ऐन वेचणीनंतरचे दिवस. घर पक्कं, स्लॅबचं. शिल्पानं विचारलं, "काका, खोल्या किती?"

"चार."

"झोपायच्या किती?"

"आता? एकबी न्हाई."

शिल्पानं आत डोकावून पाहिलं. चारही खोल्यांत कापूस! जमिनीपासून पार स्लॅबपर्यंत. देवघरातले देव तेवढे कोनाड्यात उघडे ठेवले होते. टीव्ही अंगणात, पलंग अंगणात, म्हातारी बाजेवर अंगणात, आणि सून अंगणातच गॅस मांडून भाजी परतत होती. दार उघडताना काका सांगत होते, "हळू, हळू, ढासळलं तर परत रचावं लागल."

टॅब शून्य घेईना. लाल अक्षरात 'पुन्हा तपासा' म्हणत राहिला. शिल्पाही माझ्याच तालमीतली. तिनं तीनदा तपासून तीनदा शून्यच टाकलं.

आता साहेबांना फोनवर हे कळेना. "चार खोल्यांचं पक्कं घर, आणि कुटुंब उघड्यावर झोपतंय? काही नैसर्गिक आपत्ती आली होती का?"

मी फोन शिल्पाच्या हातात दिला. ती बावरली, आणि एकदम बोलून गेली, "न्हाई सर, पीक चांगलं आलंय!"

*

तिसरा मुद्दा गंगाधरचा. पण त्याआधी शेळीचा किस्सा सांगते, कारण तो मेलमध्ये नव्हता. का नव्हता, ते किस्सा संपला की कळेल.

गंगाधरच्या पूर्णा तालुक्यातलं एक गाव. शिल्पाला एका घराचं शौचालय नुसतं विचारायचं नव्हतं, डोळ्यांनी बघायचं होतं. दार उघडलं तर आत शेळी. निवांत रवंथ करत बसलेली. आमच्याबरोबर सरपंच होते, ते कळवळून म्हणाले, "ताई, एवढं 'वापरात आहे' करून टाका. गावाचा नंबर वर जाईल, जिल्ह्याचा जाईल. तुमी पन परभनीच्याच ना?"

मी म्हटलं, "परभणीची आहे म्हणूनच करता येत नाही."

शिल्पा म्हणाली, "सरपंच, शेळी बाहेर काढा. मग बघू."

सरपंचांनी स्वतः शिंगं धरून शेळी ओढत बाहेर आणली. सोडल्याबरोबर ती वळली, डोक्यानं दार ढकललं आणि परत आत जाऊन बसली!

घरातली बाई तोंडाला पदर लावून हसायला लागली. सरपंचांनी हात टेकले. म्हणाले, "लिवा ताई, खरं ते लिवा. वापरात हाय, पन तिच्या!"

आम्ही 'नाही' लिहिलं. आणि त्या 'नाही'वर दिल्लीतून कोणी ब्रसुद्धा काढला नाही. परभणीत काही नाही म्हटलं की लगेच पटतं! आहे म्हटलं की खुलासा द्या. या एका गोष्टीचा मला आजही लय राग येतो.

*

आता गंगाधर. नमुन्यात जे घर निघेल तेच घर, शेजारचं चालत नाही, हा आमचा नियम. एका मेंढपाळाचं घर नमुन्यात आलं. गंगाधर गेला तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "मेंढरं घिऊन गेलेत."

"कुठं?"

"चारा असल तिकडं."

खरं तर टॅबमध्ये 'घर बंद' असं बटण आहे. एकदा दाबलं की काम संपलं, कोणी काही म्हणत नाही. गंगाधरनं ते दाबलं नाही. मोटारसायकल काढली आणि मेंढरांच्या मागं निघाला. लेंड्या बघायच्या, शेतकऱ्यांना विचारायचं, पुढं जायचं. मला फोन करून म्हणतो, "ताई, माग लागलाय. ताजा हाय."

मी म्हटलं, "अरे तू सर्व्हे करायलास का शिकार?"

तिसऱ्या दिवशी सेलू तालुक्यात एका रानात कुटुंब सापडलं. मेंढ्या खतासाठी शेतात बसवलेल्या, बाजूला घोड्यावरचं सामान उतरवलेलं, तीन दगडांची चूल. गंगाधरनं तिथंच बसून सगळे प्रश्न विचारले. 'पिण्याचं पाणी घरापासून किती अंतरावर आहे?'

मेंढपाळ म्हणाला, "आमी घर पान्यापाशी नेतो. पानी घरापाशी कामून आनायचं?"

साहेबांनी विचारलं, "घर पूर्णा तालुक्यात आणि मुलाखत सेलूत, हे कसं?" तेव्हा गंगाधर अगदी शांतपणे म्हणाला, "सर, घर चालत होतं. मी नुसता मागं मागं होतो."

साहेब हसले. तीन मुद्दे मिटले. मी फोन ठेवला तेव्हा माझी मान अशी ताठ झाली होती, सांगते तुम्हाला! ह्या पोराला तालुक्याबाहेर कोण ओळखतं? पण देशात कुठं असला माणूस असेल तर दाखवा मला.

*

चौथा मुद्दा मात्र फोनवर मिटेना. साहेब म्हणाले, "बाकी सगळं मान्य. पण हातावर पोट असलेल्यांची वस्ती, आणि उपासमारीच्या प्रश्नाला बाराच्या बारा घरांचं उत्तर 'नाही'? एक तर लोक लाजेनं खोटं बोललेत, नाहीतर तुमच्या माणसानं पारावर बसून बटणं दाबलीत. आम्ही फेरतपासणीला माणूस पाठवतोय. बारांपैकी एका जरी घराचं उत्तर फिरलं, तर परभणी रद्द."

खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात पाल चुकचुकली. मी गंगाधरला बाजूला घेतलं. "खरं सांग. बाराही घरं केलीस का?"

तो माझ्याकडं बघतच राहिला. म्हणाला, "ताई, तुमी पन?"

मला इतकं वाईट वाटलं की मी मान खाली घातली. मग तोच म्हणाला, "माझं नाव गेलं तर जाऊ द्या. जिल्ह्याचं जायला नको."

आठवड्यानं दिल्लीच्या मॅडम आल्या. बोलायला मराठीच, कारण माहेर नागपूरचं. पण शिस्त अशी कडक की अन्वरभाईसुद्धा सरळ बसून गाडी चालवायला लागले. मॅडमचा एक नियम होता. ज्या घरी प्रश्न विचारायचे, त्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. म्हणाल्या, "ज्याचं खाल्लं, त्याच्याबद्दल खरं लिहिता येत नाही." स्वतःची पाण्याची बाटली तेवढी बरोबर. बिस्किटाचा पुडा होता, तो गाडीत राहिला आणि गाडी वस्तीबाहेर, ओढ्याच्या अलीकडं. आम्हाला ताकीद दिली, लांब बसायचं आणि तोंडातून शब्द काढायचा नाही.

सकाळी सुरुवात झाली. पहिलं घर, 'नाही'. दुसरं घर, 'नाही'. प्रत्येक घरात कोणी चहा पुढं करायचं, कोणी शेंगा, कोणी ताक. मॅडम हात जोडून 'नको' म्हणायच्या आणि टॅब उघडायच्या. गंगाधर बोटं दुमडून मोजत होता. आठ झाली, नऊ झाली. उन्हं डोक्यावर आली. अकराव्या घराला 'नाही' आलं तेव्हा अन्वरभाई डोळे मिटून काहीतरी पुटपुटले.

बारावं घर सोजराबाईंचं. म्हातारी घरात एकटीच, मुलगा-सून कामावर गेलेले. चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. आम्ही समोर बाभळीखाली, सगळं दिसतंय, सगळं ऐकू येतंय. तिनं मॅडमला घोंगडी टाकून दिली आणि म्हणाली, "बस बाई. आदी दोन घास खा."

"नको आजी, नियम आहे."

"कसला नियम?"

"आमच्या कामाचा."

म्हातारीनं भाकरी उलटली. मॅडमनी एकेक प्रश्न विचारला. पाणी, चूल, वीज, शाळा, सगळी उत्तरं आधीच्यासारखीच आली. मग तो प्रश्न आला. "आजी, नीट ऐका. गेल्या वर्षभरात, आजपर्यंत, या घरात खायला मिळालं नाही म्हणून कोणी उपाशी राहिलं का?"

सोजराबाईंनी मॅडमकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाल्या, "हाय."

 गंगाधरची दुमडलेली बोटं तशीच राहिली.

मॅडम पुढं सरकल्या. "कोण?"

"एक बाई हाय. सकाळधरून दारोदार फिरायलीया. उन्हानं तोंड वाळलंय. पोटात अन्नाचा कन न्हाई."

"कुठं आहे ती?"

"माझ्या म्होरं बसलीया."

मॅडमना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्या कसनुसं हसल्या. "आजी, माझं नाही विचारत. घरातल्या माणसांचं विचारतेय."

"तू काय घराभाईर हायेस का?"

"तसं नाही, पण मग मला 'हो' लिहावं लागेल."

"मग लिव की. माझ्या घरात मानूस उपाशी बसलंय, मी खोटं कामून बोलू?"

मॅडमचं बोट टॅबवर तसंच थांबलं. गंगाधर उठायला लागला. मी त्याचा हात घट्ट धरला आणि खाली बसवला. बोलायचं नाही म्हणजे नाही. सहा महिन्यांचं काम, अख्खा जिल्हा, सगळं त्या एका बोटाखाली होतं, आणि म्हातारीला त्यातलं काहीही माहीत नव्हतं. ती आपली तव्यावरची भाकरी काढून चुलीला टेकवत होती.

मॅडमनी टॅब घोंगडीवर पालथा ठेवला.

"आजी, हात कुठं धुऊ?"

भाकरी, पिठलं, हिरव्या मिरचीचा ठेचा, बुक्कीनं फोडलेला कांदा. मॅडमनी पहिला घास घेतला आणि मग मान वर केली नाही. दुसरी भाकरी म्हातारीनं न विचारता ताटात टाकली. ती पण संपली. वरून तांब्याभर पाणी प्यायल्या, त्याच घरचं. आम्ही चौघं बाभळीखाली बसून एका बाईचं जेवण बघत होतो.

सोजराबाईंनी ताट उचललं, पदराला हात पुसले आणि समोर येऊन बसल्या.

"हां. आता इचार."

मॅडमनी टॅब सरळ केला. प्रश्न पहिल्यापासून वाचला, अक्षर न गाळता. गेल्या वर्षभरात, आजपर्यंत, या घरात खायला मिळालं नाही म्हणून कोणी उपाशी राहिलं का?

"न्हाई," सोजराबाई म्हणाल्या. "कुनीच न्हाई. लिव."